क्रूझ आधी बुक करावी की ऐनवेळच्या सवलतीची वाट पाहावी?

नमस्कार. तुमचा प्रश्न मला असा समजला. तुम्ही दोघं, आठवी आणि चौथीतली मुलं आणि सत्तरीचे आई-बाबा, अशी घरात सहा माणसं. मुक्काम नाशिक. दिवाळीच्या सुट्टीत सिंगापूरहून सुटणारी तीन-चार रात्रींची क्रूझ करायची आहे, नाही जमलं तर मुंबई-गोवा. ऑफिसात कुणीतरी सांगितलं की जहाज सुटायच्या पंधरा दिवस आधी भाव निम्म्यावर येतात. आत्ता मार्च आहे, मग आठ महिने आधी पैसे कशाला अडकवायचे, असं तुमचं म्हणणं.

सिंगापूरसाठी थांबू नका. आत्ता बुक करा, पण परत मिळणारं डिपॉझिट भरून. आणि बुक केल्यावर भावावरची नजर काढू नका. मुंबईच्या जहाजाचं गणित वेगळं आहे, तिथे थोडं थांबलं तरी चालतं. असं का, ते सविस्तर सांगतो, कारण कारण कळलं की तारखा किंवा माणसं बदलली तरी तुम्हाला स्वतःच निर्णय घेता येईल.

ऐनवेळी भाव पडतो ही गोष्ट खोटी नाही. जहाज ठरलेल्या दिवशी सुटतंच आणि रिकाम्या केबिनचं उत्पन्न शून्य. शिवाय प्रवासी जहाजावर चढला की बार, कॅसिनो, दुकानं, फोटो, किनाऱ्यावरच्या सहली यांवर खर्च करतो. त्यामुळे केबिन कमी भावात गेली तरी कंपनीला चालतं. पण कंपनी पंधरा दिवस उरेपर्यंत हातावर हात ठेवून बसत नाही. कुठल्या फेरीच्या किती केबिन किती वेगाने जाताहेत हे त्यांना रोज दिसतं आणि विक्री मंद वाटली की चार-सहा महिने आधीच भाव हलायला लागतो. म्हणूनच मोठ्या कंपन्यांची जहाजं बहुतेक भरूनच निघतात. दोन माणसांची एक केबिन असा हिशेब धरला तर भरतीचा आकडा कित्येकदा शंभर टक्क्यांच्याही वर जातो, कारण काही केबिनमध्ये तीन-चार जण असतात.

भावात खरी हालचाल होते ती पूर्ण पैसे भरायच्या तारखेच्या आगेमागे. मोठ्या कंपन्यांमध्ये ही तारीख साधारण ७५ ते ९० दिवस आधीची असते. त्या दिवसापर्यंत ज्यांनी नुसतं डिपॉझिट भरून केबिन धरून ठेवलेली असते, त्यांतले काही जण माघार घेतात. एजंटांनी ग्रुपसाठी अडवून ठेवलेल्या, पण न विकल्या गेलेल्या केबिनही त्याच सुमाराला कंपनीकडे परत जातात. मग एकाच आठवड्यात बऱ्याच केबिन मोकळ्या होतात आणि फेरी रिकामी असेल तर भाव उतरतो. नोव्हेंबरच्या फेरीसाठी हा काळ ऑगस्टमध्ये, म्हणजे साधारण श्रावणात येतो. लक्ष ठेवायचं ते तेव्हा. शेवटच्या पंधरवड्यात जे उरतं ते बहुधा दोन टोकांचं असतं, एकतर बिनखिडकीच्या आतल्या केबिन, नाहीतर महागडे सूट, म्हणजे मोठ्या ऐसपैस केबिन. मधलं सगळं गेलेलं असतं. आणि फेरी चांगली भरलेली असेल तर शेवटचे दहा दिवस भाव खाली न येता वर जातो. सवलत मिळालेला माणूस दहा जणांना सांगतो, ज्याला मिळाली नाही तो गप्प बसतो. ऑफिसातली गोष्ट अशी तयार होते.

तुम्ही सहा जण आहात, त्यामुळे तुमच्यासाठी सगळ्यात महत्त्वाचा मुद्दा वेगळाच आहे आणि तो जाहिरातीत कुठे लिहिलेला नसतो. जहाजावर केबिन जशा मोजक्या असतात तशी लाईफबोटींतली जागाही मोजकी असते. प्रत्येक केबिन एका ठरावीक आणीबाणीच्या जागेशी, म्हणजे मस्टर स्टेशनशी जोडलेली असते आणि तिथे किती माणसं नोंदवायची याची मर्यादा असते. एखाद्या भागातल्या चार खाटांच्या केबिन आधीच चौघाचौघांनी भरल्या की त्या भागातली माणसांची संख्या संपते. मग तिथे चार खाटांची केबिन रिकामी दिसली तरी कंपनी ती दोघांनाच विकते. संकेतस्थळावर दोन माणसं टाकली की केबिन दिसते, चार टाकली की नाहीशी होते, त्याचं बऱ्याचदा हेच कारण. शिवाय तीन-चार खाटांच्या केबिन मुळातच कमी, आणि शाळेच्या सुट्टीत सगळ्या कुटुंबांना त्याच हव्या असतात. त्या आधी संपतात. ऐनवेळचा भाव हा जवळजवळ नेहमी दोन माणसांच्या केबिनचा असतो. तुमच्या घराला दोनदोनच्या तीन केबिन घ्याव्या लागल्या, आणि त्याही वेगवेगळ्या मजल्यांवर, तर तिसऱ्या-चौथ्या माणसाला मिळणारा स्वस्त दर हातचा जातो. मुलांच्या केबिनमध्ये एक मोठं माणूस हवं म्हणून तुम्हा दोघांनाही वेगळं झोपावं लागतं.

आता खर्च मांडून पाहू. पुढचे आकडे केवळ हिशेबाची रीत दाखवायला घेतले आहेत, भाव तुम्ही त्या दिवसाचे टाका. समजा, आज बुक केलं तर केबिनचे माणशी ५०,००० रुपये पडतात, त्यात १०,००० कर आणि बंदर शुल्काचे. सहा जणांचे झाले ३ लाख. विमान माणशी ३०,००० धरलं तर १ लाख ८० हजार. सिंगापुरातल्या हॉटेलचा खर्च दोन्ही बाजूंना सारखाच, म्हणून तो सोडून देऊ. एकूण ४ लाख ८० हजार. आता थांबलात आणि खरंच ३० टक्के सूट मिळाली असं धरू. ही सूट फक्त भाड्यावर मिळते, कर आणि बंदर शुल्कावर नाही. म्हणजे ४०,००० वर १२,००० सुटले आणि केबिन माणशी ३८,००० ला पडली. सहा जणांचे २ लाख २८ हजार. बचत ७२,००० रुपये. पण दिवाळीच्या आठवड्यातलं विमान पंधरा दिवस आधी माणशी ४५,००० झालं असेल तर तिकिटांचे २ लाख ७० हजार लागतात, म्हणजे ९०,००० जास्त. केबिनमध्ये कमावलेलं सगळं विमानात गेलं, वर १८,००० खिशातून. ही रीत कुठल्याही फेरीला लावता येते: माणशी भाडं किती उतरेल आणि माणशी विमान किती चढेल, एवढ्या दोनच आकड्यांची तुलना करायची. दिवाळी, नाताळ आणि मे महिन्यात मुंबईहून सुटणारं विमान शेवटी स्वस्त होईल यावर भरवसा ठेवू नये.

यावर काही जण तोडगा सांगतात की विमान आत्ता काढा आणि केबिनसाठी थांबा. दोघांच्या सहलीला हे एकवेळ चालेल. केबिन नाही मिळाली तर सिंगापूर फिरून परत यायचं, एवढी मनाची तयारी असली म्हणजे झालं. पण विमान काढलं की तुमच्या तारखा पक्क्या झाल्या, आणि ऐनवेळची सवलत तर तारीख बदलू शकणाऱ्यालाच मिळते. ही नाही तर ती फेरी, असं म्हणायची सोयच राहत नाही. मुलांना जहाज कबूल केलेलं असताना सहा जणांसाठी हा डाव मला पटत नाही.

मग ही सवलत कुणाच्या कामाची? दोघंच जाणारे, शाळेच्या सुट्टीचं बंधन नसलेले, पासपोर्ट-व्हिसा हाताशी तयार असलेले, आणि कुठलीही केबिन चालेल म्हणणारे. आपल्याकडे निवृत्त जोडपी यात बसतात आणि द्राक्ष बागायतदारही बसतात. काढणी जानेवारी ते एप्रिल, मग खरड छाटणी आणि तिच्या मागची कामं, पुढे सप्टेंबर-ऑक्टोबरात गोडी छाटणी. जुलै-ऑगस्टमध्ये त्यातल्या त्यात उसंत असते. नेमक्या त्या दिवसांत आपल्या शाळा सुरू असतात आणि सिंगापुरातली जूनची मोठी सुट्टीही संपलेली असते, त्यामुळे तिथल्या फेऱ्यांना मागणी कमी. बागायतदार जोडप्याने पाच-सहा आठवडे आधी भाव पाहिला तर त्याला चांगला सौदा मिळू शकतो. तुम्ही शाळेची मुलं घेऊन दिवाळीत निघताय, म्हणजे याच्या बरोबर उलट टोकाला आहात. दिवाळीची सिंगापुरातही सार्वजनिक सुट्टी असते आणि नोव्हेंबरच्या उत्तरार्धात तिथल्या शाळांची वर्षअखेरची सुट्टी लागते, हेही धरून चाला.

तारखांबाबत मात्र थोडं सैल राहता येईल. पाडव्यापासून लाभपंचमीपर्यंत व्यापारी मंडळी, विशेषतः गुजराती कुटुंबं, मोठ्या संख्येने बाहेर पडतात. आपल्याकडची पुष्कळ घरं भाऊबीज आटोपून दुसऱ्या दिवशी निघतात. त्यामुळे लक्ष्मीपूजनानंतरचा पहिला आठवडा सगळ्यात महाग. मुलांची सुट्टी त्यापुढे चार दिवस उरत असेल तर निघायची तारीख पाच-सहा दिवसांनी पुढे ढकलून, विमान आणि केबिन दोन्हींचे भाव पाहा. पंधरा दिवस आधीची सवलत शोधण्यापेक्षा या सरकवण्यातून जास्त सुटतात, आणि तेही कुठलाही धोका न पत्करता. फेरी आठवड्याच्या मधल्या दिवशी सुटणारी असेल तर अजून फरक पडतो.

बुकिंग करताना एजंटला किंवा कंपनीला तीन गोष्टी लेखी विचारा. डिपॉझिट परत मिळणारं आहे का? पूर्ण पैसे भरायची तारीख कोणती? आणि त्या तारखेआधी भाव उतरला तर बुकिंग नव्या भावाला करून देणार का? एकाच केबिनचे कित्येकदा दोन भाव असतात. परत न मिळणाऱ्या डिपॉझिटचा भाव थोडा कमी आणि परत मिळणाऱ्याचा थोडा जास्त. तुम्ही जास्तीचा घ्या, कारण आठ महिन्यांत आई-बाबांची तब्येत, मुलांची परीक्षा, काहीही मध्ये येऊ शकतं. एजंटचे स्वतःचे रद्द शुल्क कंपनीच्या शुल्कापेक्षा वेगळे असते, तेही आत्ताच विचारून घ्या. विमानासकट तयार पॅकेज घेतलं असेल तर त्यात सहसा भाव बदलून मिळत नाही. भाव खाली आल्याचा फायदा हवा असेल तर केबिन स्वतंत्र बुक केलेली बरी.

मग दर आठवड्याला एक वार ठरवा आणि त्या दिवशी तीच फेरी, तोच केबिनचा प्रकार, तितकीच माणसं टाकून शेवटच्या पानावरचा एकूण आकडा वहीत लिहा. पहिल्या पानावरचा मोठ्या अक्षरातला भाव लिहू नका. तो एका माणसाचा, दोघांच्या केबिनचा आणि बहुधा करांशिवायचा असतो. भाव उतरलेला दिसला तर लगेच फोन करा, पण आधी एक ताडून पाहा. तुमच्या जुन्या बुकिंगमध्ये वायफाय, जहाजावर खर्चायचं क्रेडिट किंवा तिसऱ्या-चौथ्या माणसाचं फुकट भाडं असं काही होतं का? नव्या भावाला गेलं की जुनी ऑफर जाते. माणशी ३,००० वाचले आणि मुलांचं फुकट भाडं गेलं तर तो तोटाच. पूर्ण पैसे भरल्यावर मात्र भाव कितीही पडला तरी फरक सहसा परत मागता येत नाही. म्हणून ती तारीख जवळ आली की शेवटचे दोन आठवडे रोज पाहा.

कंपन्यांच्या ऑफरचा मोठा हंगाम जानेवारी ते मार्च असतो, धंद्यात त्याला वेव्ह सीझन म्हणतात. दुसरा नोव्हेंबरअखेर ब्लॅक फ्रायडेला. तुम्ही मार्चमध्ये विचारताय, तेव्हा पहिल्या हंगामाच्या शेपटाला आहात. महिनाभरात ठरवलंत तर बरं.

केबिन निवडताना आई-बाबांपासून सुरुवात करा. जहाजाचं डोलणं सगळ्यात कमी जाणवतं ते लांबीच्या मध्यावर आणि खालच्या मजल्यांवर. पुढच्या टोकाच्या केबिन स्वस्त दिसतात, पण लाटांचा हेलकावा तिथे जास्त बसतो. लिफ्टपासून चार-सहा दारांवर केबिन घ्या, अगदी समोर नको, तिथे येणाऱ्या-जाणाऱ्यांचा आवाज असतो. डेक प्लॅन, म्हणजे जहाजाच्या मजल्यांचा नकाशा, उघडून तुमच्या केबिनच्या वर आणि खाली काय आहे ते पाहा. वर-खाली दोन्हीकडे केबिनच असतील तर शांत. वर पोहण्याचा तलाव असेल तर पहाटे खुर्च्या ओढण्याचा आवाज येतो, खाली थिएटर किंवा डिस्को असेल तर रात्री उशिरापर्यंत ठोके. तुमच्यासाठी सोयीची मांडणी अशी: तुम्ही दोघं आणि मुलं चार खाटांच्या एका केबिनमध्ये, आई-बाबा शेजारच्या किंवा समोरच्या दोघांच्या केबिनमध्ये. चार खाटांच्या केबिनमध्ये वरच्या दोन खाटा भिंतीतून किंवा छतातून खाली येतात, त्या मुलांना आवडतात, पण मोठ्यांना शिडी चढणं अवघड जातं. बाथरूम एकच आणि लहान असते. बुकिंगआधी हाच हिशेब दोन-दोनच्या तीन केबिनशी लावून पाहा, एखाद्या फेरीत फरक इतका कमी निघतो की तीन केबिन परवडतात.

‘गॅरंटी केबिन’ असा एक स्वस्त प्रकार दिसेल. नाव फसवं आहे. इथे हमी फक्त केबिनच्या प्रकाराची असते, केबिन कुठली ते कंपनी नंतर ठरवते, कधी कधी अगदी शेवटच्या काही दिवसांत. बाल्कनीचे पैसे भरले तर बाल्कनी मिळेलच, क्वचित वरचा प्रकारही मिळतो, पण दोन केबिन शेजारी येतील याची खात्री नाही. तरुण जोडप्याला उत्तम, तुमच्या घराला नको.

कागदपत्रांमुळेही ऐनवेळचं बुकिंग नाशिकहून अवघड होतं. सिंगापूरला आपल्याला आधी व्हिसा लागतो. क्रूझमध्ये तुम्ही सिंगापुरातून बाहेर पडून पुन्हा आत येता, तेव्हा व्हिसा एकापेक्षा जास्त प्रवेशांचा आहे ना, ते तपासा. मलेशियाच्या पेनांग किंवा पोर्ट क्लँगला जहाज लागत असेल तर त्यांचं डिजिटल अरायव्हल कार्ड भरावं लागतं. भारतीयांना तिथे असलेली व्हिसामाफी मुदतीची आहे, प्रवासाच्या तारखेला ती चालू असेल का ते बुकिंगच्या वेळीच पाहा. सिंगापूरचं अरायव्हल कार्ड विमानाने उतरताना एकदा आणि जहाजाने परत येताना पुन्हा भरायचं असतं, हे दुसऱ्यांदा भरायचं पुष्कळ जण विसरतात. पासपोर्टची मुदत प्रवास संपल्यावर निदान सहा महिने उरलेली हवी. मोठ्यांचा पासपोर्ट दहा वर्षांचा, पण लहान मुलांचा पाचच वर्षांचा असतो, आणि तो कधी संपतो याकडे घरात कुणाचं लक्ष नसतं. बुकिंगमधलं नाव पासपोर्टवरच्या नावाशी अक्षर न् अक्षर जुळलं पाहिजे. आईच्या पासपोर्टवर आडनावाची जागा रिकामी असेल तर बुकिंगआधीच सांगा. जवळ आल्यावर नाव दुरुस्त करायचं म्हटलं तर शुल्क पडतं, कधी नवीन बुकिंगच करावं लागतं.

थांबण्याचा सगळ्यात मोठा धोका इथेच आहे. पूर्ण पैशांची तारीख उलटल्यावर केबिन घेतली तर सगळे पैसे एकदम भरावे लागतात, आणि रद्द शुल्क त्याच क्षणापासून लागू होतं. शेवटच्या पंधरवड्यात ते बहुधा पूर्ण रकमेइतकं असतं. त्यानंतर सहापैकी एकाचा व्हिसा अडकला तर सहाही जणांची सहल अडकते आणि पैसे परत मिळत नाहीत. प्रवास विमा घ्याच, पण व्हिसा नाकारला गेल्यास त्यात भरपाई आहे का ते पॉलिसीत वाचा. साध्या पॉलिसीत हे सहसा नसतं. विमा बुकिंगनंतर लगेच घेतला तर मधल्या आठ महिन्यांत आजारपणामुळे सहल रद्द झाली तरी उपयोग होतो. आदल्या आठवड्यात घेतला तर तेवढाच आठवडा. आई-बाबांचा बीपी, साखर, जुनं ऑपरेशन, सगळं फॉर्ममध्ये लिहा.

युरोपच्या क्रूझचं विचारलं नाहीत, तरी एका ओळीत सांगतो. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या निदान १५ दिवस आणि जास्तीत जास्त सहा महिने आधी करता येतो, त्यामुळे आधीचा वैध व्हिसा हाताशी नसेल तर ऐनवेळची भूमध्य समुद्रातली सवलत आपल्यासाठी नाहीच.

रुपयाचाही हिशेब ठेवा. भाव डॉलरमध्ये असतो, अमेरिकी किंवा सिंगापुरी. डिपॉझिट आज भरलं तरी उरलेली रक्कम त्या दिवसाच्या दराने लागते, आणि एजंटचा दर बँकेच्या दरापेक्षा थोडा चढा असतो. किती चढा, ते आधीच ठरवून घ्या. स्वतः कार्डाने भरलंत तर परकीय चलनाचा अधिभार साडेतीन टक्क्यांच्या आसपास बसू शकतो, तीन लाखांवर तो दहा हजारांच्या घरात जातो. परदेशी सहलीच्या पॅकेजवर टीसीएसही, म्हणजे विकणाऱ्याने आधीच घेतलेला आयकरही, वसूल केला जातो. तो खर्च नव्हे, आयकर विवरणपत्रात वळता होतो, पण तोवर पैसे अडकतात. टीसीएसचा दर अर्थसंकल्पात बदलू शकतो, म्हणून भरायच्या दिवशीचा दर विचारा. तुमच्यापैकी ज्याचा आयकर जास्त भरला जातो त्याच्या पॅनवर बुकिंग करा, म्हणजे वळता करणं सोपं जातं. जहाजावरची टिप माणशी, रोजची आणि लहान मुलांनाही लागू असते. बुकिंगमध्ये ती धरली नसेल तर शेवटच्या दिवशी खात्यात दिसते, सहा माणसं गुणिले चार रात्री.

आता मुंबईचं जहाज. कॉर्डेलिया या क्रूझ कंपनीचं एम्प्रेस हे जहाज २०२१ पासून मुंबईहून गोवा, लक्षद्वीप, कोची अशा फेऱ्या करतं, आणि पावसाळ्यात पश्चिम किनारा सोडून पूर्वेकडे जातं. इथे विमान नाही, व्हिसा नाही, देशातल्या फेरीला आधारसारखं ओळखपत्र चालतं. ज्या दोन गोष्टी सिंगापूरची सवलत गिळून टाकतात त्या इथे नाहीतच. नाशिकरोडहून सकाळी सातच्या सुमारास पंचवटी एक्सप्रेस पकडली तर पावणेअकराच्या आसपास सीएसएमटीला उतरता येतं आणि तिथून बॅलार्ड पिअर दीडेक किलोमीटरवर आहे. दुपारी चढायचं असेल तर आदल्या रात्रीच्या हॉटेलचाही खर्च वाचतो. गाडीने जाणार असाल तर इगतपुरीपासून आमण्यापर्यंत समृद्धीचा शेवटचा ७६ किलोमीटरचा टप्पा जून २०२५ मध्ये खुला झाला आहे, त्यामुळे कसारा घाट टाळता येतो. भिवंडी-ठाण्याच्या पुढची कोंडी मात्र हिशेबात धरा. बोर्डिंग बंद झालं की जहाज कुणासाठी थांबत नाही.

इथे थांबायचं असेल तर आठवड्याच्या मधल्या, सोमवार ते बुधवारसारख्या, फेरीसाठी थांबा. शनिवार-रविवार, दिवाळी, नाताळ, ३१ डिसेंबर यांना सवलत सहसा येत नाही. तुम्ही दिवाळीत जाणार आणि चार खाटांची केबिन हवी, म्हणजे इथेही निदान सहा आठवडे आधी घ्या. अगदी ऐनवेळी घ्यायचंच ठरवलं तर शेवटचे दोन-तीन दिवस धरू नका. प्रवाशांची यादी बंदराकडे द्यायची असल्याने बुकिंग त्याआधी बंद होऊ शकतं. फेरी मुंबईलाच परत येते की गोव्यात संपते ते वाचा. दोन्ही प्रकार असतात, आणि गोव्यात संपणारी फेरी स्वस्त दिसली तरी सहा जणांचं परतीचं भाडं त्यात मिळवायला हवं. लक्षद्वीपची फेरी घ्यायची असेल तर तिथे जहाज किनाऱ्याला लागत नाही, छोट्या बोटीत उतरून जावं लागतं. समुद्र खवळलेला असेल तर उतरणंच रद्द होतं. आई-बाबांच्या गुडघ्यांचा विचार करून ठरवा. जेवणाची काळजी नको, शाकाहारी आणि जैन जेवण मिळतं, फक्त जैन असेल तर बुकिंगमध्ये नोंदवून घ्या.

व्हॉट्सॲपवर ‘उद्या शेवटचा दिवस, निम्मा भाव’ असे मेसेज फिरतात, त्यांबद्दल एवढंच. पैसे भरण्याआधी बुकिंग क्रमांक मागा आणि कंपनीच्या संकेतस्थळावर किंवा त्यांच्या ग्राहक क्रमांकावर स्वतः तपासा. केबिन नुसती होल्डवर असेल तरी तिचा क्रमांक असतो. पैसे व्यक्तीच्या नावावर न देता फर्मच्या खात्यात द्या आणि जीएसटी बिल घ्या. क्रमांक द्यायला टाळाटाळ झाली तर भाव कितीही चांगला असो, सोडून द्या.

तर या आठवड्यात एवढं करा. सहाही पासपोर्ट काढून मुदत आणि स्पेलिंग पाहा. सिंगापूरच्या फेऱ्या लक्ष्मीपूजनाच्या आठवड्यात आणि त्यानंतरच्या आठवड्यात अशा दोन्हीकडे चार अधिक दोन माणसांच्या केबिन टाकून पाहा, शेजारी विमानाचा भाव लिहा. दोन्हींची बेरीज जिथे कमी, तिथे परत मिळणारं डिपॉझिट भरून केबिनचे क्रमांक पक्के करा. विमान त्यानंतर, पण केबिन हातात आल्यावर फार दिवस न थांबता काढा, आणि जहाज सुटायच्या आदल्या दिवशी सिंगापुरात पोचणारंच काढा. पूर्ण पैसे भरायची तारीख फोनमध्ये दोनदा घाला, पंधरा दिवस आधीची एक आणि दोन दिवस आधीची एक. मुलांपैकी एखाद्याचा पासपोर्ट पुढच्या मेच्या आत संपत असेल तर त्याच्या नूतनीकरणाचा अर्ज केबिनच्याही आधी करा.